पाखाची गाडी

जनूदादा जेवणाआधी हात धुवायला कधीमधी विसरत. गाडीला हात लावण्याआधी मात्र एकदाही विसरले नाहीत. पडवीच्या टोकाला पाण्याचा पत्र्याचा डबा, शेजारी साबणाची वडी आणि खिळ्याला अडकवलेला कोरा पंचा. तो पंचा गाडीचा. घरातल्या कुणी चुकून त्याला तोंड पुसलं तर दादा ओरडत नसत. मुकाट्याने पंचा धुवून वाळत घालत आणि तो अख्खा दिवस कुणाशी बोलत नसत. त्यापेक्षा ओरडलेलं परवडलं, असं हिरावहिनी, म्हणजे त्यांची बायको, मला सांगायची.

भिवंडीजवळ, मानकोलीच्या आत, खाडीच्या अंगाला असलेल्या त्या गावच्या शाळेत मी बदलून गेले, ती दोन हजार साल उलटल्यावर. नवऱ्याची नोकरी नाशिकला, मुलगा हॉस्टेलवर, त्यामुळे मी एकटीच जनूदादांच्या घराला लागून असलेल्या खोलीत राहायचे. इंग्रजी शिकवणारी बाई, त्यात पुण्याकडची, म्हणजे दोन्हीकडून शिष्ट, असं गावाने ठरवून टाकलं होतं आणि ते फारसं चुकीचं नव्हतं. गावात तेव्हा भातही लावायचे आणि गोदामंही बांधायचे. शाळेत प्रार्थना चालू असताना मागे कुठला तरी कंटेनर रिव्हर्स घ्यायचा आणि मुलं त्याच्या पीं-पींच्या तालावर प्रार्थना म्हणायची.

पहिल्याच सोमवारी सकाळी मला वाटलं, भूकंप झाला. फडताळातली भांडी थरथरायला लागली. बाहेर येऊन बघते तर अंगणापलीकडच्या शेडचं दार सताड उघडं, आणि आत भाताच्या पेंढ्याच्या दोन ढिगांमध्ये साजूक तुपाच्या रंगाची एक लांबलचक अमेरिकन मोटार गुरगुरत उभी. पुढचं नाक एवढं लांब की त्यावर माणूस आडवा झोपावा. दारं दोनच. आणि छप्पर डोक्यावरून जे उतरायला लागायचं ते कुठेही न थांबता थेट शेपटापर्यंत. शहरात तसल्या गाडीला फास्टबॅक म्हणतात, हे मला नंतर कळलं. गावात तिचं नाव पाखाची गाडी. कौलारू छपराचा उतार म्हणजे पाख, तसा उतार गाडीला म्हणून पाखाची. मला हे नाव आजही जास्त बरोबर वाटतं.

स्टिअरिंग डाव्या बाजूला. तिथे जनूदादा ताठ बसलेले, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, डोक्यावर ड्रायव्हरची टोपी आणि खाली लुंगी. गाडी त्यांनी दोन फूट पुढे घेतली, थांबवली, पुन्हा दोन फूट मागे घेतली. मग इंजिन बंद करून खाली उतरले, दाराच्या मुठीवरचे आपलेच ठसे पुसले आणि मला म्हणाले, "बाई, घाबरलाव काय? एका जागी उभी ऱ्हायली की टायर बसतान. म्हनून जरा हलवतंय."

"एवढंच? बाहेर नाही काढत?"

"माजी न्हाय ती," ते म्हणाले आणि टोपी काढून काखेत धरली.

एवढं सांगून त्यांचं चरित्र संपत होतं. बाकीचं मला हिरावहिनीकडून तुकड्यातुकड्याने मिळालं. दादांनी वीस वर्षं मुंबईतल्या एका शेठकडे ड्रायव्हरी केली. शेठला गाड्यांचा शौक, आणि सगळ्या गाड्यांत ही लाडकी. पुढे शेठ बायकामुलांसह कायमचे परदेशी निघाले. विमानतळावर त्यांनी चावी दादांच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "जनार्दन, गाड़ी संभालना." बस्स, एवढंच. दादांनी त्याच दिवशी गाडी गावाला आणली, शेडमध्ये लावली, आणि त्या दिवसापासून ती रस्त्यावर गेली नाही.

त्या एका शब्दावरून गावात दोन पक्ष होते. दादांचा पुतण्या विलास आणि त्याच्या बरोबरीचे सगळे म्हणायचे, संभालना म्हणजे दिलीच की. कोण परत येतंय? दुसऱ्या पक्षात एकटे दादा. "सांभाल बोलले. घे न्हाय बोलले." यापुढे त्यांचा युक्तिवाद जात नसे आणि यापुढे कुणाचा त्यांच्याशी चालतही नसे.

गाडीशी ते हिंदीत बोलायचे. थंडीत स्टार्टर ओढायला लागला की "चलो बेटा, चलो, सोमवार है," अशी समजूत घालायचे. मी एकदा चिडवलं, "दादा, आगरी माणसाच्या शेडमध्ये इतकी वर्षं राहून हिला अजून मराठी येत नाही होय?"

त्यावर ते अगदी गंभीरपणे म्हणाले, "बाई, शेठचे घरी हिंदी होती. तिला आपली बोली लागली आनि उद्या ती परत गेली, त तिचे हाल न्हाय का होनार?"

मला हसू आलं होतं. पुढे ते वाक्य आठवून मला कधीच हसू आलं नाही.

सरपंचांच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हाची गोष्ट. सरपंच स्वतः चालत दादांच्या पडवीत आले, चहा घेतला, पान घेतलं आणि म्हणाले, "जनू, वरातीला पाखाची गारी दे. पोराच्या मनात हाय." आमच्या गावात सरपंचांना नाही म्हणणं म्हणजे नळाच्या लाइनीपासून स्मशानाच्या वाटेपर्यंत सगळ्याला मुकणं. दादा उभेच होते. हात जोडून म्हणाले, "माजी असती त हल्दीलाच पाठवली असती."

सरपंच पान न थुंकता उठून गेले. पण वरातीच्या दिवशी दादा टोपी घालून, इस्त्रीची पँट घालून त्यांच्या दारात हजर. म्हणाले, "गारी न्हाय देता येत. ड्रायवर देता येतो." आणि फुलांनी मढवलेली सरपंचांची जीप त्यांनी बेंजोपार्टीच्या मागे चार तास पावलापावलाने अशी चालवली, की नवरीच्या मांडीवरचा नारळ हलला नाही. सरपंचांनी बोलणं काही सुरू केलं नाही, पण नळाला पाणी येत राहिलं.

हिरावहिनीचं सगळं याच्या उलट. ती गाडीवर उघडपणे रागवायची. सवत म्हणायची तिला. गाडीवरचं आवरण मात्र तिनेच शिवलेलं, भिवंडीच्या लूमवरच्या, यंत्रमागाच्या कोऱ्या कपड्याचं, आतून मऊ फडक्याचं अस्तर लावून. तिच्या मनात एकच होतं. तिचं माहेर भिवंडीपलीकडच्या अंबाडीचं. लग्न होऊन ती आली ती बैलगाडीतून, आणि पुढे सगळी वर्षं एस.टी. नाहीतर टेम्पो. नवरा मुंबईत एवढ्या मोठमोठ्या गाड्या चालवतो, असं माहेरी सांगून सांगून तिची जीभ झिजली होती आणि तिची वहिनी दर वेळी विचारायची, "मंग आज कशान आलीस?"

"एकदा," ती मला तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "एकदाच त्या गारीत बसून अंबाडीला जावाचा हाय. वयनीचे दारात दोनदा हॉरन मारायचा. मंग मेलू तरी चालल."

आणि मग ती डोळे मिचकावून जे म्हणाली त्यावर आम्ही दोघी पोट धरून हसलो. स्टिअरिंग डावीकडे असल्यामुळे बायको बसणार उजवीकडे. म्हणजे रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटणार, गाडी हिराबायच चालवतेय!

दादांना हे सगळं माहीत होतं. गाडी आपली नाही, आणि बायकोची हौस मात्र आपली, या दोन गोष्टींच्या मध्ये हा माणूस पंधरा-वीस वर्षं उभा होता. एक दिवस ते माझ्या दाराशी आले, हात धुवून. म्हणजे काम गाडीचं होतं.

"बाई, शेठना विंग्रजीत कागद लिवायचा. एक दिवस गारी भायेर काढू काय, म्हनून विचारायचा. शुक्रवारी. शुक्रवारी लूम बंद असतान, भिवंडीतून रस्ता मोकला भेटतो. सकाली जाऊन दुपारी परत. खड्ड्यातून नेनार न्हाय, लिवा."

मी लिहिलं. खड्ड्यातून नेणार नाही हेसुद्धा लिहिलं. आणि मग, माझं इंग्रजी दाखवायची संधी मला क्वचितच मिळत असल्यामुळे, स्वतःच्या मनाने आणखी चार ओळी जोडल्या. गाडीचा रंग मूळचाच आहे, एक ओरखडा नाही, पहिल्या किल्लीला सुरू होते, अशी गाडी आता देशात शोधून सापडणार नाही. दादांना वाचून दाखवलं तेव्हा त्या ओळी मी गाळल्या. त्यांना स्वतःची स्तुती आवडली नसती. त्या ओळींबद्दल मी अजून स्वतःला माफ केलेलं नाही.

उत्तर येईपर्यंत दुसरंच घडलं. विलासने चुलत्याची आणि आपली जमीन मिळून गोदामांची रांग बांधायला काढली. त्यात पेंढ्याची शेडही जाणार होती. दादांनी सही करताना एकच अट घातली: गारीला जागा. विलास वाईट नव्हता, हे मला मुद्दाम सांगायला हवं. तो म्हणाला, "काका, असा गाळा देतो की गाडी हसेल."

त्याच सुमारास दादांच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढायचे ठरले. भिवंडीची धूळ डोळ्यात जाईल म्हणून मुलीने त्यांना दोन महिने ठाण्याला ठेवून घेतलं. परत आले ते काळा चष्मा लावून. विलास त्यांना आणायलाच गेला होता. त्याने काकांना घरी न नेता थेट गोदामाकडे नेलं, आणि आम्ही सगळे तिथे आधीच जमलो होतो, मी, हिरावहिनी, गवंडी, बिगारी, निम्मं गाव.

रांगेतला शेवटचा गाळा. हिरवं शटर, आत पांढऱ्या टाइल्स, ट्यूबलाइट, पंखासुद्धा. आणि मधोमध गाडी, आवरण काढून, गळ्यात झेंडूचा हार. विलासने शटर वर केलं तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दादा खाली उभे होते. गाडी त्यांच्या छातीच्या उंचीवर होती.

त्यांनी चष्मा काढला. गाडीकडे बघितलं, मग जोत्याकडे. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोत्याच्या कडेने हात फिरवत चालत गेले आणि परत आले.

"विलास," ते म्हणाले, "उतरवायची कशी?"

गवंड्याने विलासकडे बघितलं, विलासने गवंड्याकडे. मला त्या क्षणी कळलं. आमच्या गावात त्या काळात जमिनीलगतची फरशी घालायची सवयच कुणाला राहिली नव्हती. गोदाम म्हणजे ट्रकच्या उंचीचं जोतं. ट्रक मागे लागला पाहिजे, माल सरळ हौद्यात सरकला पाहिजे. सगळ्या रांगेचा स्लॅब एकाच उंचीने ओतला होता. भिंती उठायच्या आधी हायड्रा क्रेन आणून गाडी पट्ट्यांनी उचलली, वर ठेवली, मग भिंती आल्या, मग छप्पर आलं, समोर पावसाचा पत्राही आला. दोन महिन्यांत तीस माणसं त्या गाळ्यात राबली. टाइल्सचा रंग कुठला, यावर भांडणं झाली. गाडीला चाकं असतात, हे एकाच्याही ध्यानात आलं नाही.

"रॅम्प करू ना, काका," विलास शेवटी म्हणाला. "त्यात काय!"

त्यात पुष्कळ होतं. गाडीचं पोट जमिनीला लागलेलं आणि नाक-शेपूट लांब. चढा उतार चालणार नव्हता, टेकली असती. दादांनी पावलं टाकून सांगितलं, निदान तीस फूट हवा. आणि गोदामापुढची सगळी मोकळी जागा भाडेकरू कंपनीच्या करारात अडकलेली. तिथे कंटेनर वळायचे. "मे महिन्यात करार संपतो," विलास म्हणाला. "मेमध्ये पक्का."

हायड्राने परत उचलायची तर समोरच्या पत्र्यामुळे त्याचा दांडा आत येत नव्हता. शिवाय पहिल्या वेळीच पट्ट्याने दाराखालचा पत्रा बोटभर दबला होता. दादांना तो काळा चष्मा अजून सुटला नसतानाही दिसला. तिथे ते किती तरी वेळ अंगठा ठेवून बसले होते. "ट्रकमध्ये घालू आणि पुढे कुठे तरी उतरवू," असंही विलासने सुचवलं. तेव्हा मात्र दादांचा आवाज चढला. मी ऐकलेला तो एकदाच.

"मेलेली गारी ट्रकावर चढते. ही चालती हाय!"

"आनि मी काय म्हस हाय, ट्रकातून माहेरी जावाला?" हिरावहिनीने मागून पुस्ती जोडली. सगळे हसले. दादा हसले नाहीत.

त्यानंतर आठच दिवसांनी शेठचं पत्र आलं. थरथरत्या अक्षरातलं. मी पडवीत बसून मराठीत वाचून दाखवलं: अरे जनार्दन, हे विचारायचं का? घेऊन जा बायकोला. गाडी जितकी माझी तितकीच तुझी.

हिरावहिनीने पदर तोंडाला लावला. विलास म्हणाला, "काका, हे पत्र जपून ठेवा. कागद आहे हा. तुमची म्हणून लिहून दिलंय." दादांनी पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटसुलट करून बघितलं. त्यांना त्यातलं अक्षरही वाचता येत नव्हतं. म्हणाले, "मोठी मानसं लिवतान तसं. आपन तसं वाचू नये."

मग मे आला. करार वाढवला गेला. पुढच्या मेमध्ये विलास म्हणाला, कंपनीचा नवा साहेब अडेल आहे. त्याच्या पुढच्या मेमध्ये तो तोंड चुकवायला लागला. दादा मात्र दर सोमवारी लाकडी शिडी लावून वर चढत, हात धुतलेले, टोपी घातलेली. शटर उघडत. दोन फूट पुढे, दोन फूट मागे. समोर कंटेनरवाले युपीचे ड्रायव्हर चहा पीत उभे असत आणि म्हणत, "चाचा, आज भी नहीं निकलोगे?" दादा हात वर करून म्हणत, "निकलेंगे, निकलेंगे."

हिरावहिनीचे गुडघे तोवर गेले होते. त्या गाडीतून अंबाडीला जायचं लुगडं, कांद्याच्या सालीच्या रंगाचं, तिने ट्रंकेत वर काढून ठेवलेलं, ते तिने एक दिवस पुन्हा तळाला घातलं. मला हे सगळं दिसत होतं. शाळेत मी मुलांच्या कानशिलात द्यायला कमी करायचे नाही, पण इथे कुणाच्या कानशिलात देऊ? विलासच्या, गवंड्याच्या, त्या न दिसणाऱ्या साहेबाच्या? सगळे भले होते. मला फक्त चरफडता येत होतं आणि ते मी मनापासून केलं.

शेठ गेल्याचं आम्हाला त्यांच्या मुलाकडून कळलं. तो स्वतःच आला एका सकाळी. चाळिशीचा, नम्र, पांढरे बूट. परदेश सोडून आता इकडेच राहतो म्हणाला. पुण्याच्या पुढे कुठे तरी त्याने जुन्या गाड्यांसाठी मोठी जागा घेतली होती, सात-आठ गाड्या होत्या. वडिलांच्या कागदांत त्याला आमचं पत्र सापडलं होतं. त्याने ते खिशातून काढलं आणि माझं अक्षर मला लांबूनच ओळखू आलं. मूळचा रंग. एक ओरखडा नाही. देशात शोधून सापडणार नाही.

"इतना अच्छा किसने लिखा?" त्याने विचारलं. दादांनी अभिमानाने माझ्याकडे बोट दाखवलं.

लहानपणी हा मुलगा दादांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवायचा. त्याने दादांना वाकून नमस्कार केला आणि गाडी बघून त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं. मी त्याचा राग करायचं ठरवलं होतं, तेही जमलं नाही. विलास मला बाजूला ओढून म्हणत होता, "बाई, ते शेठचं पत्र काढा, आपण भांडू." मी दादांकडे बघितलं. त्यांनी नुसती मान हलवली. मग कनवटीची चावी काढून पंच्याने पुसली आणि मुलाच्या हातात दिली.

"सांभालली," ते म्हणाले. हिंदीत बोलायचं ते त्या एका वेळी विसरले.

"मला बोलू द्या," म्हणून मीच पुढे झाले. हिरावहिनीची गोष्ट त्या मुलाला सांगितली, अंबाडी, शुक्रवार, सगळं. तो लगेच म्हणाला, "अरे, बिलकुल! जनार्दनभाई, अभी ले जाइए, पूरा दिन ले जाइए!" आणि चावी परत पुढे केली.

दादांनी जोत्याच्या कडेकडे बघितलं. मग आम्ही सगळ्यांनीच बघितलं.

ट्रक आला तो दुपारी. मोठा, उघडा, बाजूचे फाळके पाडलेला. ड्रायव्हरने आरशात बघत तो मागे घेतला आणि जोत्याला लावला. हौदा आणि फरशी अशी एका रेषेत आली की मध्ये टाकायला आणलेली लोखंडी प्लेट जवळजवळ सपाट बसली. गवंडीही बघायला आला होता. तो सवयीने म्हणून गेला, "लेवल बगा काय बसली!" आणि मग त्याने जीभ चावली.

"आप ही चढ़ाइए," मुलगा दादांना म्हणाला. "इसका क्लच आप ही जानते हैं."

दादा हात धुवायला घरी गेले. परत आले तेव्हा त्यांच्या मागून हिरावहिनी येत होती, काठी टेकत, ते कांद्याच्या सालीचं लुगडं नेसून. ट्रंकेच्या घड्या तशाच होत्या. विलासने आणि मी तिला धरून शिडीवरून वर चढवलं. ती कुणाला काही न विचारता उजव्या बाजूचं दार उघडून आत बसली, हात मांडीवर ठेवून. दादांनी तिच्याकडे बघितलं. तिचं दार हलकेच लावलं, वळसा घालून आपल्या बाजूला आले.

"चलो बेटा," आम्हाला ऐकू आलं. "सोमवार नहीं है, फिर भी चलो."

गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली. दोन फूट पुढे गेली आणि आज थांबली नाही. प्लेटवर चढली, पार झाली, हौद्यात जाऊन उभी राहिली. इतकी वर्षं जी चार फूट खाली उतरू शकली नाही, तिला ट्रकात चढायला एक मिनिटही लागलं नाही. मला ओरडावंसं वाटत होतं. मी प्लेट उचलायला मदत केली.

मागचा फाळका लावायचा तर ट्रक थोडा पुढे घ्यावा लागतो. ड्रायव्हरने विचारलं, अंदर कौन है? मुलाने हात हलवला, बैठने दो. ट्रक हळूच निघाला. अंगणातून फाटकापर्यंत, पंधरा-वीस पावलं. वर ट्रकावर ती तुपाच्या रंगाची गाडी, तिच्यात टोपी घातलेले दादा, आणि उजवीकडे हिरावहिनी, डोक्यावर पदर, समोर बघत, जशी काही तीच चालवतेय. युपीवाले ड्रायव्हर चहाचे ग्लास हातात धरून उभे राहिले. कुणी हसलं नाही.

फाटकाशी ट्रक थांबला. दादांनी हॉर्न वाजवला. दोनदा.

मग हिरावहिनीला आम्ही खाली उतरवलं. दादांनी वरच थांबून दोन्ही दारांच्या मुठी पुसल्या, आवरण घातलं, दोऱ्या बांधल्या, आणि मग तेही उतरले. हिरावहिनी जमिनीवर पाय टेकल्यावर मला म्हणाली, "झाली बाई अंबाडी." आणि माझा हात धरून घराकडे चालायला लागली. तिने मागे वळून बघितलं नाही. दादा ट्रक वळेपर्यंत उभे होते, आणि वळल्यानंतरही बराच वेळ.

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. निघायच्या दिवशी निरोप घ्यायला गेले तर दादा घरी नव्हते. "तिकरं आसल," हिरावहिनी गोदामाकडे हात करून म्हणाली.

विलासने रॅम्प बांधला होता. कंपनीचा करार मोडून, भांडून, स्वतःच्या हट्टाने. गाळा रिकामाच होता, भाड्याने द्यायला तो तयार नव्हता. का बांधलास, म्हणून त्याला कुणी विचारलं नाही. सिमेंटचा तो उतार शटरपासून निघून थेट रस्त्याला टेकला होता, लांब आणि सावकाश.

जनूदादा त्यावरून खाली येत होते. पावलाला पाऊल लावून, मोजत. खालच्या टोकाला पोहोचले, वाकले, जिथे सिमेंट जमिनीला भेटतं तिथे तळवा ठेवून बघितलं. हात धुतलेले होते, बाह्या ओल्या होत्या. मग वर बघताना त्यांना मी दिसले.

"तीस फूट बराबर हाय," ते म्हणाले. "पोट घासलं नसतं, बाई."